पातेलं मोकळं होईपर्यंत

आमचा शिंपी सभ्य माणूस आहे. छातीचं, बाहीचं माप तो मोठ्याने सांगतो आणि त्याचा पोऱ्या ते वहीत लिहून घेतो. कमरेपाशी आला की मात्र आवाज खाली घेतो, पोऱ्याला चहा सांगायला पिटाळतो आणि आकडा स्वतःच लिहितो. भाचीच्या लग्नासाठी पँट शिवायला गेलो तेव्हा त्याने टेप गुंडाळली, जरा थांबला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, आता श्वास सोडा." सोडला. त्याच्या बोटांतून टेप सरकलेली मला कळली. "चाळीस," तो पुटपुटला आणि माझं तोंड बघून घाईघाईने म्हणाला, "शिलाईत दीड इंच सोडून ठेवतो, पुढं लागलं तर." बँकेत बत्तीस वर्षं काढली, पण माझ्या प्रगतीबद्दल एवढा विश्वास कुठल्याही मॅनेजरने दाखवला नव्हता.

हा आकडा मी घरात कुणाला सांगणार नव्हतो. पण रविवारी पुतणीचा फोन आला. ती ओसाकाला असते. पुण्यात जपानी शिकली, तिथल्याच एका कंपनीत लागली, आणि आता दर रविवारी व्हिडिओवर दिसते. पँटचा विषय निघाला, आकडा बाहेर पडला आणि ती हसत सुटली. "चाळीस इंच म्हणजे एकशे एक पूर्णांक सहा सेंटीमीटर. काका, इथे असतात तर तुम्हाला बोलावणं आलं असतं."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण खरंच, जपानमध्ये एप्रिल २००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या माणसांच्या वार्षिक तपासणीत पोटाचा घेर मोजतात. पुरुषांना मर्यादा ८५ सेंटीमीटर, बायकांना ९०. बायकांना पाच सेंटीमीटरची सूट. आपल्याकडचे डॉक्टर बरोबर उलट करतात, पुरुषाला ९० देतात आणि बाईला ८०. जपानात घेर जास्त भरला आणि जोडीला रक्तदाब किंवा साखर वर असली की त्या माणसाला सल्ल्यासाठी बसवतात. दंड वगैरे त्याला होत नाही, हिशेब द्यावा लागतो तो आरोग्य विमा चालवणाऱ्यांना. पण पोट सुटलेल्या माणसाला तिकडे आता सर्रास 'मेताबो' म्हणतात. पुतणीचा साहेब पन्नाशीचा आहे. तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस तो लिफ्ट सोडून जिन्याने येतो आणि तपासणी झाली की त्याच संध्याकाळी सगळ्यांना घेऊन नूडल्स खायला जातो. हे ऐकून मला जपानबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

"तुम्ही फक्त एक करा, काका," पुतणी म्हणाली. "हारा हाची बू."

हारा म्हणजे पोट, हाची म्हणजे आठ, बू म्हणजे भाग. पोटाचे दहा भाग धरायचे आणि आठ भरले की उठायचं. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाची बेटं आहेत, तिथली जुनी माणसं जेवायला बसताना हे शब्द पुटपुटतात. कल्पना काही आजची नव्हे. कैबारा एकिकेन नावाच्या पंडिताने १७१३ साली 'योजोकुन' नावाचं आरोग्यावरचं पुस्तक लिहिलं, त्यात पोट तुडुंब भरायच्या आत थांबा हे बजावून सांगितलं आहे. पुस्तक लिहिलं तेव्हा स्वतः कैबारा ऐंशी ओलांडून गेला होता. तीनशे वर्षांपूर्वी ऐंशी ओलांडलेल्या माणसाने आरोग्यावर काही सांगितलं तर ते ऐकून घ्यावं, एवढी समज मला आहे.

तर सोमवारपासून ऐंशी टक्के.

अडचण पहिल्याच जेवणाला आली. मोबाइलची बॅटरी किती टक्के भरली ते दिसतं, स्कूटरच्या पेट्रोलला काटा असतो, गच्चीवरची टाकी भरली की निदान शेजारी ओरडतात. पोटाला यातलं काहीच नाही. माझ्या पोटाची भाषा फक्त दोन शब्दांची आहे, 'अजून' आणि 'अरे देवा'. मधले टप्पे ते कळवत नाही. शेवटी बँकेतल्या माणसाने जे करावं तेच केलं, हिशेब मांडला. रात्री मी चार पोळ्या खातो. चाराचे ऐंशी टक्के म्हणजे तीन पूर्णांक दोन दशांश. दोन दशांश सोडून देऊ, तीन पोळ्या.

"तीन नाही वाढायच्या," आई म्हणाली.

आईचं वय ब्याऐंशी. ती कैबाराला ओळखत नाही, पण वयाने ती त्याच्या बरोबरीची आहे. तिच्या मते पानात तीन पोळ्या वाढत नाहीत, ते चांगलं नसतं. मी म्हटलं, मग दोन. "दोनावर माणूस उठतो होय?" मग चार? चार म्हणजे शंभर टक्के. तोडगा आईनेच काढला. तिसरी वाढली आणि त्यावर लगेच चौथीतली अर्धी ठेवली, म्हणजे तीनाचा दोष गेला. आणि उरलेली अर्धी?

"आता अर्धी कुणासाठी ठेवू? खाऊन टाक."

मराठी माणसाच्या पोटाचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर त्यात या उरलेल्या अर्ध्या पोळीसाठी एक वेगळं प्रकरण ठेवावं लागेल. अर्धी पोळी ही काही अन्न म्हणून खाल्ली जात नाही, ती आवराआवर म्हणून खाल्ली जाते. तीच गत वाटीभर आमटीची. "एवढीशी उरलीय, संपवून टाक, पातेलं मोकळं होईल." हे वाक्य मी लहानपणी आईकडून ऐकलं, लग्नानंतर बायकोकडून ऐकलं आणि परवा मुलीने सासरी आपल्या नवऱ्याला तेच सांगितलेलं फोनवरून कानावर आलं. पातेलं मोकळं झालं की ते घासायला पडतं, घासायला पडलं की ओटा आवरतो, ओटा आवरला की दिवस संपतो. एका घराचा दिवस संपवायचा म्हणजे जबाबदारी मोठी, आणि गेली तीस वर्षं ती माझ्याकडे आहे. फ्रिजमध्ये जागा नसते, मोलकरणीला आदल्या दिवशीचं द्यायला संकोच वाटतो, टाकून देणं म्हणजे पाप. राहिलो मी.

ओकिनावातला म्हातारा पोटाला विचारून थांबतो. आमच्याकडे जेवण पातेल्याला विचारून थांबतं. एवढी एक गोष्ट त्या पहिल्या आठवड्यात मला कळली. बाकी वजन दोनशे ग्रॅमने वाढलं.

बरं, ही अक्कल काही परदेशातून मागवायला नको होती. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त कैबाराच्या हजारएक वर्षं आधी सांगून ठेवलं आहे की पोटाचे चार भाग करावेत, दोन अन्नाने भरावेत, एक पाण्याने, आणि चौथा वाऱ्याला मोकळा सोडावा. म्हणजे अन्नाला फक्त निम्मं पोट. वाग्भट जपान्यांपेक्षा कडक. हे मी मोठ्या उत्साहाने जेवताना आईला सांगितलं. तिने आमटीचा डाव हातात तसाच धरून ऐकून घेतलं.

"वाऱ्याला कशाला जागा ठेवायची? हरभऱ्याची उसळ केलीय, तो येईल त्याचा त्याचा," ती म्हणाली आणि डाव वाटीत उपडा केला.

पुतणीने मग तिच्या जेवणाचे फोटो पाठवले. भाताची मुठीएवढी वाटी, मिसो सूपची वाटी, माशाचा बोटभर तुकडा, कसल्याशा पालेभाजीची चार देठं, काकडीचं लोणचं. प्रत्येक वस्तू वेगळ्या भांड्यात. एक सूप आणि तीन पदार्थ हा तिकडचा जुना साचा आहे, आणि या पारंपरिक जपानी जेवणपद्धतीला युनेस्कोने २०१३ साली वारसा म्हणून मान दिला. मी फोटो बायकोला दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा करून भांडी मोजली. "एका माणसाला पाच. आपण तिघं. घासणार युनेस्को का?"

मी गप्प बसलो. पण फोटो पाहताना मला आपलं जुनं वाढलेलं पान आठवत होतं. वरती मीठ, डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणच्याची एक फोड. चव आठ प्रकारची आणि ऐवज मूठभर. उजवीकडे भाजी, आमटी, मधे भाताची मूद. मूद हा शब्दच बघा, तो काही डोंगराला लावता येत नाही. ही डावी बाजू आमच्या घरातून कधी गेली ते आठवत नाही. उजवी मात्र राहिली, नुसती राहिली नाही तर डावीच्या जागेवर पसरली. आता कोशिंबीर सणाला होते आणि चटणी बाटलीत असते.

ओकिनावाबद्दल मी वाचत गेलो तसतसा मला आणखी एक धक्का बसला. तिथली शंभरी गाठणारी माणसं खात काय होती? रताळं! नोगुनी सोकान नावाच्या माणसाने १६०५ साली चीनमधून रताळ्याचे वेल तिथे आणले. तांदळाला वादळं मानवत नव्हती, जमिनीखालचं रताळं मात्र वादळाला दाद देईना. तेव्हापासून गरिबाचं पोट रताळ्यावर. दुसरं महायुद्ध संपल्यावरच्या वर्षांतसुद्धा तिथल्या माणसाच्या रोजच्या उष्मांकांतले निम्म्याहून जास्त एकट्या रताळ्यातून येत. आणि दुसरी त्यांची लाडकी भाजी कोणती? कारलं! टोफू आणि अंडं घालून परततात. कारल्याला ते 'गोया' म्हणतात आणि तारखेतल्या पाच-आठ या आकड्यांचा उच्चार 'गो-या' असा जुळतो म्हणून ८ मे हा दिवस कारल्याला वाहिलेला आहे. आपल्याकडे कारल्याच्या वाट्याला फक्त एक म्हण आली, आणि तीही बदनामीची.

रताळं आमच्याकडे येतं, नाही असं नाही. एकादशीला येतं. पण ओकिनावात ते वाफेच्या भांड्यात जातं आणि आमच्याकडे तुपात. रताळ्याचा कीस, वर दाण्याचं कूट, ओलं खोबरं, साखरेची चिमूट. किंवा रताळ्याचे काप, गुळाच्या पाकात. सोबत साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, तळलेली मिरची. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपण स्वतःच म्हणून ठेवलं आहे, त्यामुळे बाहेरच्याने टीका करायला जागाच नाही. गंमत अशी की या पवित्र पानातले रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, हे पाचही मूळचे अमेरिका खंडाचे. कोलंबस तिकडे गेला नसता तर आपल्याला उपवास खरोखरच उपाशी राहून करावा लागला असता.

एकादशीच्या संध्याकाळी माझं वजन नेहमीपेक्षा सातशे ग्रॅम जास्त भरतं, हा माझ्या वहीतला आकडा आहे. द्वादशीला उपवास सोडताना पुरणपोळी असते.

तिकडे मात्र गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली. ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं. लष्करी तळांबरोबर डबाबंद मांस आलं, हँबर्गरची दुकानं आली, मोटारी आल्या. ऐंशीच्या दशकात पुरुषांच्या आयुर्मानात सबंध जपानमध्ये पहिला असलेला हा प्रांत २००० सालच्या यादीत सव्विसावा आला. जपानी लोक याला 'सव्वीसचा धक्का' म्हणतात. म्हणजे हारा हाची बू म्हणणारी आजी घरात होती, नातवाला शब्द पाठ होते, फक्त कोपऱ्यावर दुकान नवं आलं होतं. हे वाचलं आणि मला जरा हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याबद्दल जरा लाजही.

या सगळ्या काळात मी एका देशावर भिस्त ठेवून नव्हतो, हे कबूल केलं पाहिजे. क्रीटसुद्धा करून पाहिलं. ॲन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये सात देशांतल्या पुरुषांचं खाणं आणि हृदयविकार यांचा अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरचे शेतकरी ऑलिव्हचं तेल सढळ हाताने खात आणि तरी त्यांची हृदयं ठणठणीत. ते तेलाबरोबर डोंगरातल्या रानभाज्या खात, डाळी खात, मांस सणासुदीला, आणि दिवसभर चढउतार करत. कीज स्वतः पुढे इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला पिओप्पी नावाच्या कोळ्यांच्या गावात घर करून राहिला आणि २००४ साली, शंभरीला पोचून गेला. आम्ही यातलं तेल तेवढं उचललं. बायकोने सुपरमार्केटमधून अर्धा लिटरची बाटली आणली, किंमत बघून ती दोन दिवस देव्हाऱ्याशेजारी ठेवली, मग तिसऱ्या दिवशी त्यात जिरं-मोहरीची फोडणी केली. मोहरी तडतडली, पण हिंगाला काही ते घर आपलं वाटलं नाही. पुढे बाटली कोशिंबिरीवर ओतायला म्हणून राहिली आणि नेहमीचं शेंगदाण्याचं तेल भाजीत चालूच राहिलं. दोन तेलं झाली.

आमच्याकडे हे असंच होतं. दुसऱ्याची चांगली सवय आम्ही आपल्या सवयीच्या जागी बसवत नाही, शेजारी बसवतो, पाहुणी म्हणून. सकाळी ग्रीन टी येतो आणि तो पिऊन झाला की खरा चहा. ओट्सचा उपमा होतो आणि त्याने पोट भरणार नाही म्हणून जोडीला पोहे. मध्यंतरी महाराष्ट्रात दोन पंथ होते, डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा म्हणणारा, आणि ऋजुता दिवेकरांचा दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणारा. लग्नाच्या पंगतीत लोक एकमेकांना गोत्र विचारावं तसं विचारत, तुम्ही दीक्षित का दिवेकर? मी प्रामाणिकपणे दोन्ही केले. दोन वेळा पंचावन्न मिनिटं दीक्षित आणि मधल्या वेळात दिवेकर.

या कीजचीच आणखी एक हकिकत आहे, ती वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल जास्त विश्वास वाटतो. युद्धात उपासमारीने खंगलेल्या माणसांना पुन्हा कसं भरवावं हे कळावं म्हणून त्याने १९४४-४५ मध्ये मिनेसोटात छत्तीस तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. बटाटे, सलगम, कोबी, पाव असलं जेवण. वजनं उतरली, पण माणसंही बदलली. ती जेवणाशिवाय दुसरं बोलेनात. ताटल्या चाटत. आणि काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून तासन्‌तास वाचत बसत, कादंबरी वाचावी तशी. दीक्षित पंथातल्या माझ्या तिसऱ्या रात्री साडेअकरा वाजता मी मोबाइलवर कोल्हापूरचा कोणी गृहस्थ तांबडा रस्सा करताना पाहत होतो. इअरफोनची बटणं कानात होती. बायको जागी झाली, तिने पडद्यावर पाहिलं, आणि दुसरं काही असतं तर बरं झालं असतं अशा नजरेने पाहून कूस बदलली.

फ्रेंचांचं मात्र पटलं. ते लोणी खातात, चीज खातात, वाइन पितात, आणि तरी अमेरिकनांइतके फुगत नाहीत, याचं कोडं संशोधकांना पूर्वीपासून आहे. २००३ साली पॉल रोझिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या हॉटेलांत जाऊन वाढलेल्या पदार्थांची वजनं केली. पॅरिसची वाढणी लहान निघाली. शिवाय मॅकडोनल्ड्समध्ये बसलेल्या गिऱ्हाइकांची त्यांनी घड्याळ लावून वेळ घेतली. फिलाडेल्फियाचा माणूस सरासरी चौदा मिनिटांत उठला, पॅरिसचा बावीस मिनिटं बसला. म्हणजे खाणं लहान आणि वेळ जास्त. पोट भरल्याची वर्दी डोक्यापर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात म्हणतात, तेव्हा फ्रेंच माणसाला ती बसल्या जागी मिळते आणि फिलाडेल्फियाच्या माणसाला गाडीत.

मी माझी वेळ घेतली. सहा मिनिटं, चाळीस सेकंद. ताकभातासकट.

यात माझी चूक नाही. डोंबिवलीत वाढलेला माणूस सकाळचं जेवण आठ-पाचच्या लोकलशी जुळवून जेवतो. पुढे बँकेत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात डबे उघडणं, एकमेकांच्या डब्यातलं चाखणं आणि बाहेर काउंटरच्या काचेवर टिचक्या मारणारा पेन्शनर. घास चावण्याचं काम मी बराच काळ पोटाकडे सोपवलं होतं. फ्रान्समध्ये कामाच्या जागी जेवू देणं कायद्यानेच मना आहे. टेबलावरचं जेवण म्हणजे गुन्हा. २०२१ मध्ये, कोविडच्या दिवसांत, गर्दी टाळावी म्हणून त्यांना तो नियम तात्पुरता सैल करावा लागला होता. आमच्या शाखेत हा कायदा असता तर खालच्या ड्रॉवरमधल्या चिवड्याच्या डब्यावरून सबंध कर्ज विभाग आत गेला असता.

तर सावकाश जेवायचं ठरवलं. प्रत्येक घास बत्तीस वेळा. परिणाम असा झाला की नवव्या मिनिटाला सगळ्यांची जेवणं आटोपली आणि मी एकटा पहिल्या पोळीवर. आईला वाटलं भाजी आवडली नाही. तिने लिंबाचं लोणचं वाढलं. मग वाटलं मला बरं नाही. तिने मेतकूट-भात आणि तूप आणलं. मग वाटलं बायकोशी काही बिनसलं आहे. तेव्हा तिने काही न बोलता फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला.

आता यावर उपाय काय? आपल्याकडे 'नको' हा शब्द वाढणाऱ्याला ऐकूच जात नाही. पहिला नको म्हणजे शिष्टाचार. दुसरा नको म्हणजे संकोच. 'खरंच नको' म्हणजे घ्यायचं आहे पण अर्धं. आणि 'आता अगदी पुरे' म्हटलं की, "बरं, मग एकच." पूर्वीच्या पंगतींत जिलब्यांच्या पैजा लागत आणि अमुक एका लग्नात अमुक मामांनी किती उठवल्या ते आकडे पुढच्या पिढीला तोंडपाठ असत. मी इथिओपियाबद्दल वाचलं तेव्हा मला नातेवाईक सापडल्यासारखं झालं. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले १८० हून जास्त दिवस उपवासाचे पाळतात, मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. टेफ नावाच्या बारीक धान्याची आंबवलेली, घावनासारखी इंजेरा आणि डाळीची आमटी. एवढा संयम. आणि त्याच माणसांत 'गुरशा' नावाची रीत आहे. आपल्या हाताने मोठासा घास करायचा आणि शेजाऱ्याच्या तोंडात कोंबायचा. घास जेवढा मोठा तेवढं प्रेम जास्त. तोंड बंद ठेवणं हा अपमान. म्हणजे अर्धं वर्ष देवासाठी आवरलेलं तोंड एकमेकांसाठी उघडायचं. हे मी आईला सांगितलं. तिला इथिओपिया कुठे आहे ते विचारावंसं वाटलं नाही. "चांगली माणसं दिसतात," एवढंच म्हणाली.

या चार महिन्यांत माझ्याकडून एक गोष्ट पाहायची राहून गेली होती. ती परवा दुपारी पाहिली. बायको माहेरी गेली होती, आईने आणि मी दोघांनीच पान घेतलं. घाई नव्हती. मी बत्तीस वेळा चावत होतो, त्यामुळे इकडेतिकडे पाहायला वेळ होता.

आईने स्वतःला वाढून घेतलं. ज्वारीची चतकोर भाकरी. शेपूची भाजी, पोहे खायच्या चमच्याने दोन चमचे. लसणीची चटणी, नखाएवढी. दोन घास भात, त्यावर ताक. तिने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला आणि बाहेर गुलमोहरावर बसलेल्या कावळ्याकडे पाहत सावकाश चावू लागली. मधेच मला पाणी हवं का विचारलं. मधेच खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. ताकभाताशी आली तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. तिचं वजन त्रेचाळीस किलो आहे, आणि ते माझ्या लहानपणापासून त्रेचाळीसच आहे. तिला मी कधी डाएट करताना पाहिलं नाही. खरं म्हणजे तिला मी कधी जेवतानाच नीट पाहिलं नव्हतं. ती नेहमी सगळ्यांची पानं उठल्यावर बसायची आणि तोवर मी पेपर घेऊन आत गेलेलो असायचो.

मला एकदम भरून आलं. मी कधी केलं नव्हतं ते केलं. उठलो, वरणाचं पातेलं आणलं आणि डाव भरून तिच्या पानाकडे नेला.

"घे गं थोडं. काहीच जेवली नाहीस."

आई पानावर ओणवी झाली आणि तिने आडवा हात धरला. तळवा खाली, बोटं जुळलेली, पानाच्या अगदी वर. "नको," ती म्हणाली. एकदाच. आवाज चढवला नाही, हसली नाही, कारण सांगितलं नाही. माझा डाव हवेत होता तिथेच थांबला. आयुष्यात प्रथमच मला 'नको'चा अर्थ 'नको' असा कळला.

मी डाव पातेल्यात परत ठेवला आणि जागेवर येऊन बसलो. पोटाला विचारलं. बहुधा पंच्याहत्तर टक्के, फार तर अठ्ठ्याहत्तर. आई उठली, तिने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"डावभरच उरलंय."

मी पानावर ओणवा झालो. आडवा हात धरला. तळवा खाली, बोटं जुळलेली, हुबेहूब तिच्यासारखा. "नको," मी म्हटलं. एकदाच.

वरण कोमट होतं. बोटांच्या फटींतून ते भातावर छान सारखं पसरलं.